पाऊस खरा, पुरावे खोटे: ‘गर्जणाऱ्या पलटणी’च्या गोष्टीला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की आमच्या वसईच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक गोष्ट फिरू लागते. यंदा ती तिघांनी पाठवली, त्यांत माझी मावशीही होती. गोष्ट अशी: इ.स. १७४ मध्ये रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचं सैन्य डॅन्यूब नदीपलीकडे क्वाडी लोकांच्या वेढ्यात सापडलं. रणरणतं ऊन, प्यायला थेंब नाही. तेव्हा बाराव्या पलटणीने, जी सगळीच्या सगळी ख्रिस्ती होती, गुडघे टेकून प्रार्थना केली. लगेच आभाळ फाटलं. रोमनांवर पाऊस आणि शत्रूवर विजा पडल्या. सम्राटाने त्या पलटणीला ‘गर्जणारी’ अशी पदवी दिली, सिनेटला पत्र लिहिलं आणि ख्रिस्ती लोकांचा छळ थांबवला. रोममधला दगडी स्तंभ आजही याची साक्ष देतो. खाली एक ओळ: ‘हा इतिहास आहे, दंतकथा नाही. पुढे पाठवा.’

मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि देव प्रार्थना ऐकतो असं मानणारा आहे. तरीही ही गोष्ट या रूपात पुढे पाठवू नये असं मला मनापासून वाटतं. तिच्यातला छळ थांबल्याचा दावा आपल्याच रक्तसाक्षींना, म्हणजे श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्यांना, पुसून टाकतो, म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

आधी पक्कं काय ते सांगतो, कारण ‘सगळं थोतांड आहे’ असं लगोलग लिहून मोकळे होणारेही ग्रुपवर आहेत. मार्कस ऑरेलियस १६१ ते १८० या काळात सम्राट होता. त्यातली बरीच वर्षं डॅन्यूबच्या सीमेवर मार्कोमनी, क्वाडी, सार्मेशियन या लोकांशी लढण्यात गेली. क्वाडींचा मुलूख म्हणजे आजच्या स्लोव्हाकियाचा आणि त्याला लागून असलेल्या मोरेव्हियाचा भाग. रोमन सैन्य तिथे खोलवर घुसलं होतं. स्लोव्हाकियातल्या त्रेन्चिन गावी किल्ल्याखालच्या कड्यावर एक लॅटिन लेख कोरलेला आहे. १७९ साली तिथे मुक्कामाला असलेल्या ८५५ सैनिकांचा तो विजयलेख आहे. खुद्द सम्राटाच्या चिंतनाच्या वहीतही एका भागाशेवटी ‘क्वाडींच्या मुलखात, ग्रानुआ नदीकाठी’ अशी नोंद सापडते. अशाच एका मोहिमेत तहानेने व्याकूळ झालेली फौज अवचित आलेल्या पावसाने वाचली, यावर त्या काळच्या ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती दोन्ही लेखकांचं एकमत आहे. वर्ष मात्र १७१ ते १७४ मधलं नेमकं कोणतं यावर इतिहासकारांचा वाद चालू आहे, त्यामुळे संदेशातलं ठाम ‘१७४’ तेवढं ठाम नाही. पाऊस पडला, एवढं धरून चालू. पुढचं एकेक बघू.

‘सम्राटाने पलटणीला नाव दिलं’

हा दावा खोडायला एक दगड पुरतो, आणि तो दगड रोममध्ये नसून अझरबैजानमध्ये आहे.

बाकू शहराच्या दक्षिणेला, कॅस्पियन समुद्राजवळ गोबुस्तान नावाचा खडकाळ प्रदेश आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या कातळचित्रांसाठी तो प्रसिद्ध आहे. त्या चित्रांच्या पायथ्याशी एका शिळेवर काही लॅटिन अक्षरं आहेत. सम्राट डोमिशियनचं नाव, त्याची ‘जर्मानिकस’ ही पदवी, मग ‘लुसियस ज्युलियस मॅक्सिमस’ हे एका शतकाधिपतीचं नाव, आणि शेवटी त्याची पलटण: बारावी, ‘फुल.’ म्हणजे फुलमिनाटा. डोमिशियन ९६ साली मारला गेला. म्हणजे पाऊस पडण्याआधी किमान पंच्याहत्तर वर्षं हा मॅक्सिमस आपल्या पलटणीचं तेच नाव खडकावर कोरून गेला होता. सीमेच्याही पलीकडे, कॅस्पियनच्या काठी हा माणूस नेमका कशासाठी पोचला असेल, या विचाराने मी कितीदा तरी त्या शिळेचं छायाचित्र उघडून बसलो आहे.

नावाचा अर्थही संदेशात चुकला आहे. फुलमिनाटा म्हणजे गर्जणारी नव्हे, वीज धारण करणारी. वीज हे रोमनांच्या ज्युपिटर देवाचं हत्यार. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ५८ मध्ये उभी केलेली ही पलटण ज्युपिटरची वीज नावात मिरवत होती. तिचा मान कायमच उंच होता असंही नाही. इ.स. ६६ मध्ये यहुदियात बेथ होरोनच्या घाटात तिचा दारुण पराभव झाला आणि पलटणीचा गरुडध्वज शत्रूच्या हाती गेला. रोमन सैनिकाला याहून मोठी नामुष्की नव्हती. त्यानंतर तिची रवानगी कप्पादोकियातल्या मेलिटीनी इथे झाली, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या मलात्यात.

पावसामुळे नाव पडलं, ही समजूत आली कुठून? हिएरापोलिसचे बिशप अपोलिनारिस हे मार्कसच्याच काळातले. त्यांनी तसं लिहिल्याचं चौथ्या शतकातला ख्रिस्तसभेचा इतिहासकार युसेबियस सांगतो. मी बिशपांना खोटारडे म्हणणार नाही. त्यांच्याच आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, विजेच्या नावाची पलटण होती, आणि दूरच्या लढाईत विजा पडल्याची बातमी आली. दोन गोष्टी मनात जुळल्या. असं आपल्याही घराघरांत होतं, गावाच्या नावावरून गोष्टी तयार होतात. पण गोबुस्तानची शिळा समोर असताना तीच चूक आपण पुन्हा करायची काही गरज नाही.

‘पलटण सगळी ख्रिस्ती होती’

पलटण म्हणजे पाचेक हजार माणसं. त्यांत काही ख्रिस्ती असणं अजिबात अशक्य नाही. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला टर्टुलियन हा आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक सैन्यातल्या ख्रिस्ती शिपायांबद्दल लिहितोच. पण सगळी पलटण? रोमन छावणीचं वर्ष देवतांच्या बळींवर आणि सम्राटांच्या सणांवर चालायचं. सिरियात दुरा-युरोपोस इथल्या छावणीचं साधारण २२५ सालचं सणांचं पंचांग पपायरसवर सापडलं आहे. ज्युपिटरला बैल, जूनोला गाय, अमुक सम्राटाच्या जन्मदिवशी तमुक बळी, असं त्यात तारखेनिशी नोंदलं आहे. पाच हजार माणसांनी एकदम यातून अंग काढून घेतलं असतं तर त्याची बोंब रोमपर्यंत गेली असती.

शिवाय बारावी पलटण त्या लढाईत होती का, हाच प्रश्न आहे. मेलिटीनी ते क्वाडींचा मुलूख हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी सुमारे दोन हजार किलोमीटर भरतं. तिची एखादी तुकडी डॅन्यूबवर धाडली गेली असू शकेल, कारण मोठ्या मोहिमांत तशी पद्धत होती. सगळी पलटण तिथे असल्याचा पुरावा नाही.

आणि या गोष्टीचा हाती असलेला सर्वांत जुना ख्रिस्ती मजकूर कोणता? टर्टुलियनचाच, १९७ सालचा. त्यात ना बारावी पलटण आहे, ना नावाची गोष्ट. जर्मानियातला दुष्काळ ख्रिस्ती सैनिकांच्या प्रार्थनेने फिटला, एवढंच तो म्हणतो, आणि त्याच वाक्यात त्याने ‘कदाचित’ किंवा ‘योगायोगाने’ असा अर्थ होणारा शब्द घातला आहे. युसेबियस तर ‘असं सांगतात’ म्हणून सुरुवात करतो आणि शेवटी, याबद्दल ज्याला जसं वाटेल तसं त्याने मानावं, असं म्हणून विषय सोडतो. ख्रिस्तसभेच्या इतिहासकारानेच एवढं सावध राहून लिहिलं आहे, आपल्या संदेशात त्या सावधपणाचा लवलेश नाही.

‘हा चमत्कार फक्त ख्रिस्ती प्रार्थनेचा’

इथे मला जास्त थांबायचं आहे, कारण या पावसाचे मालक एक नाही, चार-पाच निघाले.

कॅशियस डिओ हा सिनेटर लढाईच्या वेळी लहान मुलगा होता. पुढे त्याने रोमचा मोठा इतिहास लिहिला. त्याच्या मते सम्राटाबरोबर हार्नूफिस नावाचा इजिप्शियन जादूगार होता. त्याने हवेचा देव हर्मिस आणि इतर देवतांना आवाहन केलं आणि पाऊस आला. डिओचं वर्णन अंगावर येतं. शिपाई आधी तोंड वर करून पाऊस झेलतात, मग ढाली आणि शिरस्त्राणं पुढे धरतात, स्वतः पितात, घोड्यांना पाजतात. तेवढ्यात शत्रू चाल करून येतो, तर पाणी पिता पिता लढावं लागतं, आणि जखमांतलं रक्त शिरस्त्राणातल्या पाण्यात मिसळून पोटात जातं. दुसरीकडे क्वाडींवर गारा आणि आग.

हा हार्नूफिस कुणाच्या डोक्यातून निघालेलं पात्र नव्हतं. उत्तर इटलीतलं अक्विलिया हे या युद्धातलं महत्त्वाचं ठाणं होतं. तिथे एक ग्रीक लेख सापडला आहे, ‘अर्नूफिस, इजिप्तचा पवित्र लेखक’ याने एका साथीदारासह देवीला अर्पण केलेला. पवित्र लेखक म्हणजे देवळातला विद्वान पुरोहित. म्हणजे माणूस खरा होता आणि त्या भागातही येऊन गेला होता. १७२-७३ च्या रोमन नाण्यांवर मर्क्युरीचं देऊळही दिसतं, सोबत ‘सम्राटाची धर्मनिष्ठा’ असे शब्द. मर्क्युरी म्हणजेच हर्मिस. नाण्याचा आणि पावसाचा संबंध अनेक अभ्यासक जोडतात.

मग पाऊस हार्नूफिसने पाडला म्हणायचं का? या गोष्टीची उलटी आवृत्ती फिरवणारेही भेटतात: ‘खरा चमत्कार इजिप्शियनाचा, चर्चने चोरला.’ त्यांनाही माझं तेवढंच स्पष्ट उत्तर आहे. मार्कस आपल्या वहीच्या पहिल्याच भागात, कुणाकडून काय शिकलो ते मांडताना लिहितो की मंत्रतंत्र आणि भुतं उतरवण्याच्या गोष्टी सांगणाऱ्या जादूगारांवर विश्वास ठेवू नये हे तो डायग्नेटसकडून शिकला. असा माणूस लढाईच्या तोंडावर जादूगाराला पुढे करेल, हे जड जातं. दुसरं म्हणजे याच डिओने अगदी अशीच गोष्ट आणखी एकदा सांगितली आहे. साधारण इ.स. ४२ मध्ये मॉरेटेनियात, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, होसिडियस गेटा हा सेनापती शत्रूचा पाठलाग करत वाळवंटात शिरला आणि पाणी संपलं. एका स्थानिकाने मंत्र म्हणून बघायला सुचवलं. लगेच धो धो पाऊस. शत्रूला वाटलं, देव यांच्या बाजूने आहे, आणि तो शरण आला. तहान, मंत्र, पाऊस, शरणागती. सव्वाशे वर्षांच्या अंतराने दुसऱ्या सीमेवर तोच साचा! सीमेवरची फौज वाचली की ती कुणामुळे वाचली हे सांगायला एक तयार चौकट रोमनांकडे आधीपासून होती. नाव तेवढं प्रत्येकाने आपापलं घातलं.

तशी आणखीही घातली. ज्युलियन नावाच्या खाल्डियन (बाबिलोनकडच्या विद्येच्या) मांत्रिकाचं श्रेय नंतरच्या ग्रीक परंपरेत येतं. चौथ्या शतकाच्या सुमाराच्या एका लॅटिन सम्राटचरित्रात सम्राटाने स्वतःच्या प्रार्थनेने शत्रूच्या यंत्रावर वीज पाडली आणि तहानलेल्यांसाठी पाऊस मिळवला. ४०४ साली क्लॉडियन हा कवी दोन्ही शक्यता मांडतो, खाल्डियन मंत्र की सम्राटाचं सदाचरण, आणि आपला कौल सदाचरणाला देतो.

सगळ्यात बोलकी जागा डिओच्याच ग्रंथात आहे. त्याचा हा भाग मूळ रूपात उरला नाही. अकराव्या शतकात झिफिलिनस या कॉन्स्टँटिनोपलच्या मठवासीयाने केलेला संक्षेप तेवढा आपल्याला मिळतो. झिफिलिनस आधी डिओचा जादूगार प्रामाणिकपणे उतरवून घेतो, आणि मग मध्येच थांबून म्हणतो की डिओ इथे खोटं बोलतो आहे, जाणूनबुजून किंवा नकळत. पुढे तो ख्रिस्ती पलटणीची गोष्ट सांगतो. आवडलं नाही म्हणून त्याने डिओचे शब्द खोडले नाहीत, एवढ्यासाठी मला या संन्याशाबद्दल फार आदर वाटतो. दोन्ही बाजू ठेवून त्याने वाद घातला. आपल्याला पुढे पाठवताना तेवढंही जमत नाही.

‘रोममधला स्तंभ साक्ष देतो’

साक्ष देतो, पण कशाची?

मार्कसचा स्तंभ रोमच्या पियात्सा कोलोना या चौकात आजही उभा आहे. १९३ सालापर्यंत तो पुरा झाला होता, म्हणजे पावसानंतर वीसेक वर्षांत. ती लढाई पाहिलेली माणसं तेव्हा हयात असणार. पायथ्यापासून टोकापर्यंत वळसे घेत जाणाऱ्या पट्टीवर युद्धातले प्रसंग कोरले आहेत. पावसाचं दृश्य सुरुवातीच्या वळशांतच येतं. एक प्रचंड, पंख असलेला, दाढीवाला म्हातारा सगळ्या फौजेवर हात पसरून आहे. त्याच्या हातांवरून, केसांतून, दाढीतून पाण्याच्या धारा लोंबतात. चेहरा उदास आहे. हा येशू नाही, ज्युपिटर नाही, हर्मिसही नाही. हार्नूफिसचं नाव नाही, क्रूस नाही, गुडघे टेकलेली पलटण नाही. शिल्पकाराने पावसालाच देह दिला आणि कुणाचं नाव लिहिलं नाही. आपल्याकडचा सर्वांत जुना शाबूत पुरावा हाच, आणि तो श्रेयाबद्दल गप्प आहे.

विजेचं दृश्य वेगळं आहे, थोडं आधी येणारं. त्यात वीज शत्रूच्या वेढ्याच्या मनोऱ्यावर पडते. म्हणजे स्तंभ कोरणाऱ्यांच्या लेखी हे दोन निरनिराळे प्रसंग होते. नंतरच्या सांगणाऱ्यांनी त्यांची एकच लढाई केली आणि एकाच वेळी इकडे पाणी, तिकडे आग असं चित्र तयार झालं.

पावसाच्या त्या म्हाताऱ्याच्या पायाशी काय आहे तेही बघायला हवं, कारण कुठल्याच संदेशात ते नसतं. पाण्याच्या लोंढ्यात सापडून मेलेली क्वाडी माणसं आणि जनावरं एकमेकांवर पडली आहेत. रोमन शिल्पकाराने, शत्रूवरच्या विजयाचा तो स्तंभ असूनही, ते ढीग नीट, वेळ घेऊन कोरले आहेत.

स्तंभाच्या टोकावर संत पौलाचा पुतळा आहे हे खरं. तो पाहून हा स्तंभ ख्रिस्ती आहे असा समज होतो. पण पुतळा १५८९ साली पोप सिक्स्टस पाचवे यांनी बसवला. त्या वेळी पायथ्याला कोरलेला लेख हा स्तंभ मार्कसने त्याच्या आधीच्या सम्राटाला, अँटोनायनस पायसला, अर्पण केला असं सांगतो. म्हणजे तेव्हा स्तंभ कुणाचा याचाच घोळ झाला होता.

‘सम्राटाने पत्र लिहून छळ थांबवला’

पत्र आहे. जस्टिन या रक्तसाक्षीच्या ग्रंथाच्या हस्तलिखिताला ते जोडलेलं सापडतं. त्यात मार्कस सिनेटला सांगतो की ९,७७,००० शत्रूंनी आपल्याला घेरलं होतं, ख्रिस्ती सैनिकांनी जमिनीवर पडून प्रार्थना केली, आपल्यावर थंडगार पाऊस आणि शत्रूवर गारांचा मारा झाला. यापुढे ख्रिस्ती म्हणून कुणावर आरोप करणाऱ्यालाच जिवंत जाळावं, असा हुकूम त्यात आहे. अभ्यासकांनी हे पत्र फार पूर्वीच बनावट ठरवलं आहे, आणि ते कळायला विद्वान असायची गरज नाही. रानावनात पावणेदहा लाखांची फौज कुणी उभी करू शकत नव्हतं. जस्टिन तर पावसाच्या कित्येक वर्षं आधी, १६५ च्या सुमाराला रोममध्ये मारला गेला. त्याला शिक्षा सुनावणारा नगरप्रमुख ज्युनियस रुस्टिकस होता, म्हणजे मार्कसचा स्वतःचा गुरू. मार्कसने पावसाबद्दल सिनेटला खरोखर पत्र लिहिलं असावं, डिओही तसं म्हणतो. पण ते पत्र उरलेलं नाही, आणि हे ते नव्हे.

छळ थांबला का, याचं उत्तर आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात आहे. साल १७७, म्हणजे पावसानंतर निदान तीन वर्षं. ल्यों आणि जवळच्याच व्हिएन गावच्या ख्रिस्ती मंडळींनी आशिया मायनरमधल्या बांधवांना लिहिलेलं लांबलचक पत्र युसेबियसने जपून ठेवलं आहे. बिशप पोथिनस नव्वदीच्या पुढचे, श्वासही धड घेता येत नव्हता. मारहाणीनंतर दोन दिवसांत तुरुंगात गेले. अत्तालसला ‘हा अत्तालस, ख्रिस्ती’ अशी पाटी पुढे धरून रंगमंडलात फिरवलं. तो रोमन नागरिक निघाला म्हणून सुभेदाराने सम्राटाकडे विचारणा केली. उत्तर आलं: जे नाकारतील त्यांना सोडा, जे कबूल करतील त्यांना मारा. तो सम्राट मार्कस ऑरेलियसच होता. आपल्या संदेशातला, छळ थांबवणारा.

युसेबियसलाही ही गाठ जाणवली असणार. पावसाची आणि ल्योंची गोष्ट त्याच्या एकाच पुस्तकात, काही पानांच्या अंतराने येते. त्याने छळाचं साल अँटोनायनस व्हेरसच्या (हेही मार्कसचंच नाव) नावे लावलं आणि पाऊस त्याच्या ‘भावाच्या’, मार्कस ऑरेलियसच्या नावे. एका माणसाचे दोन केले. खरा भाऊ लुसियस व्हेरस तर १६९ मध्येच वारला होता.

ल्योंच्या त्या पत्रात ब्लांदिना आहे. गुलाम स्त्री, अंगाने नाजूक. तिची मालकीणही ख्रिस्ती होती, आणि तिला भीती वाटत होती की ही पोर टिकणार नाही. छळणारे पाळी बदलून सकाळपासून संध्याकाळपर्यंत थकले, पण ती ‘मी ख्रिस्ती आहे, आमच्यात काही वाईट चालत नाही’ एवढंच म्हणत राहिली. तिला खांबाला बांधून श्वापदांपुढे सोडलं, त्यांनी तिला स्पर्श केला नाही. शेवटी जाळ्यात घालून बैलापुढे टाकलं. सगळ्यांची प्रेतं सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख रोन नदीत लोटून दिली, पुरायला काही उरू नये म्हणून.

‘सम्राटाने छळ थांबवला’ असं आपण पुढे पाठवतो तेव्हा या बाईला काय उत्तर देतो? तिच्यासाठी पाऊस पडला नाही. तिच्या श्रद्धेला बनावट पत्राचा आणि ज्युपिटरच्या विजेचा आधार लागला नाही.

ल्योंच्या रक्तसाक्षींचा सण २ जूनला येतो, नेमका हा संदेश फिरू लागतो तेव्हाच. मावशीला मी यातलं काहीच लिहून पाठवलं नाही. फोन केला आणि ब्लांदिनाची गोष्ट सांगितली. तिने ती दोनदा ऐकली, आणि मालकिणीचं पुढे काय झालं असं विचारलं.